घडीच्या चाकूचा अडसर

घरात व घराबाहेर हाताळल्या जाणाऱ्या ज्या लहान अवजारांचा आपण क्वचितच विचार करतो, त्यांत घडीच्या चाकूची गणना करावी लागेल. प्रवासाच्या पिशवीत, टेबलाच्या खणात, माळ्याच्या खिशात किंवा गिरिभ्रमणास निघालेल्या तरुणाच्या पडशीत तो निमूटपणे पडून असतो. फळ चिरावे, सुतळी तोडावी, पार्सलाचे वेष्टन उघडावे, आंब्याचे कलम करताना फांदीला छेद द्यावा, अशी कितीतरी कामे त्याच्याकडून घेतली जातात. त्याच्या सोयीचे सारे रहस्य त्याचे पाते मुठीत मिटते यात आहे, आणि त्याच्यापासून संभवणाऱ्या धोक्याचे मूळही तेथेच आहे. जे पाते आपल्या इच्छेने मिटते, ते प्रसंगी आपल्या इच्छेविरुद्धही मिटू शकते. आणि ज्या बाजूने ते मिटते, त्याच बाजूस आपली चार बोटे मुठीभोवती वळलेली असतात.

उघडलेले पाते जागच्या जागी रोखून धरण्याच्या नाना युक्त्या कारागिरांनी शोधून काढल्या आहेत. दाराला आतून अडसर घालावा तशीच ही योजना असल्यामुळे या लेखात आपण तिला 'अडसर' असेच म्हणू. येथे एक घोटाळा आधीच दूर केलेला बरा. आपल्याकडे 'खटक्याचा चाकू' म्हटले की कळ दाबताच ज्याचे पाते झटकन बाहेर उसळते असा चाकू डोळ्यांपुढे येतो. खटका पाते उघडण्याचे काम करतो. अडसर ते मिटू न देण्याचे काम करतो. खटका कितीही जोरदार असला तरी अडसर बळकट असेलच असे नाही, आणि अनेक उत्तम अडसरांच्या चाकूंना खटका मुळीच नसतो.

अलीकडे बाजारात 'जड कामाचा' म्हणून विकल्या जाणाऱ्या घडीच्या चाकूंची रेलचेल झाली आहे. जाड पाते, भक्कम मूठ आणि 'अतूट' अडसर अशी त्यांची वर्णने वाचून गृहस्थाच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो की, हा अडसर भार तरी किती पेलील? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी अडसरावर भार येतो केव्हा, हे समजून घेणे आवश्यक आहे.

अडसरावर भार केव्हा येतो?

चाकू उघडून धार खाली आणि पाठ वर अशा रीतीने हातात धरला आहे, अशी कल्पना करा. आपण काकडी किंवा दोर कापू लागलो म्हणजे कापली जाणारी वस्तू धारेला खालून वर रेटते. हा रेटा पात्याला अधिकच उघडण्याच्या दिशेने ढकलतो. पाते अधिक उघडू नये म्हणून त्याच्या बुडाला मुठीत एक पक्का टेकू दिलेला असतो. सगळा जोर त्या टेकूवर जातो. अशा वेळी अडसरावर जवळजवळ काहीच भार येत नाही. सरळ, नीट कापण्याच्या कामात अडसर केवळ पहारेकऱ्यासारखा उभा असतो.

आता उलट प्रकार पाहा. पात्याच्या पाठीवर वरून दाब आला, तर पाते मिटण्याच्या दिशेने फिरू पाहते. हा दाब अनेक कामांत नकळत उत्पन्न होतो. चामड्याला किंवा लाकडाला भोक पाडताना टोक रुतून बसते आणि मनगट किंचित कलते. पाते मिटू पाहते. डब्याच्या झाकणाखाली टोक घालून झाकण वर उचकटू लागलो, तर झाकण पात्याच्या पाठीवरच दाबते. लाकडात अडकलेले पाते हलवून हलवून काढताना दाबाची दिशा क्षणाक्षणाला बदलते. बांबू किंवा जळण चिरण्यासाठी पात्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकले, तर प्रत्येक ठोका अडसराची परीक्षा घेतो. यांपैकी एकही काम खऱ्या अर्थाने कापण्याचे नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आता थोडा हिशेब करू. चाकू म्हणजे एक तरफच होय. ज्या खिळीभोवती पाते फिरते, तिच्यापासून ८० मिलिमीटर अंतरावर, म्हणजे टोकाजवळ, पाठीवर १५ किलोग्रॅमचा दाब पडला असे समजा. अडसर पात्याच्या बुडाला जेथे भिडतो, ती जागा खिळीपासून ८ मिलिमीटरवर आहे असे धरा. हे अंतर दहा पटींनी कमी असल्यामुळे तेथे भार दहा पटींनी अधिक होतो. टोकावरचे १५ किलोग्रॅम अडसराशी १५० किलोग्रॅम होतात, आणि हा सगळा भार जेमतेम काही चौरस मिलिमीटरांच्या पृष्ठभागावर एकवटतो. शिवाय हा हिशेब सावकाश पडलेल्या दाबाचा आहे. ठोक्याचा मारा क्षणभरच टिकत असला तरी त्या क्षणी तो याहून कितीतरी तीव्र असू शकतो. मूठ मोठी आणि पाते लांब, म्हणून चाकू मजबूत, ही समजूत येथे फसते. अडसराचे अंतर तेच राहून पाते लांबले, तर तरफेचा लाभ अडसराच्या विरुद्ध पक्षालाच मिळतो.

अडसरांचे प्रकार

सर्वांत जुन्या पद्धतीच्या चाकूंना अडसर नसतोच. पाठीकडील पोलादी कमान पात्याच्या बुडावर दाबून बसते आणि तेवढ्या दाबाने पाते उघडे राहते. स्वित्झर्लंडच्या सैनिकांना १८९१ च्या सुमारास जो प्रसिद्ध चाकू मिळाला, तो याच जातीचा होता. कार्ल एल्सनर यांच्या कारखान्याने पुढे १८९७ मध्ये काढलेला अधिकाऱ्यांचा चाकू जगभर पोहोचला. त्याचीही घडण तशीच होती. स्विस सैनिकांच्या चाकूच्या मुख्य पात्याला अडसर मिळाला तो थेट २००८ सालच्या नव्या नमुन्यात. शंभराहून अधिक वर्षे एका सैन्याचे काम बिनअडसराच्या चाकूने भागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. जपानमधील 'हिगोनोकामी' नावाच्या साध्या चाकूला तर कमानही नसते. पात्याच्या बुडातून बाहेर आलेली एक लहानशी जीभ अंगठ्याने दाबून धरावयाची. तेथे अंगठा हाच अडसर. असा चाकू वापरणारा कारागीर पाठीवर जोर येऊ न देण्याची सवय आपोआपच लावून घेतो.

दुसरा प्रकार वळ्याचा. फ्रान्सच्या सॅव्हॉय या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा एक साधा चाकू तयार केला. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी त्याच्या तोंडाशी एक फिरते पोलादी वळे बसविले. पाते उघडून वळे फिरविले, की ज्या फटीतून पाते मुठीत शिरते ती फटच बंद होते. या रचनेत झिजणारे भाग फार थोडे असून ती पाहताक्षणी समजते. मात्र वळे फिरविण्यास माणूस विसरला, तर अडसर नसल्यासारखाच. आणि पाठीवर येणारा सर्व जोर शेवटी त्या पातळ वळ्यावर व ते ज्यावर बसविले आहे त्या भागावर पडतो.

तिसरा प्रकार पाठीच्या अडसराचा. मुठीच्या पाठीत तराजूच्या दांडीप्रमाणे मध्यावर टेकलेली एक पोलादी पट्टी असते. पाते उघडताच पट्टीचे पुढचे टोक पात्याच्या बुडातील खाचेत पडते. पट्टीचा मागचा भाग दाबला की ते खाचेतून उचलले जाते. ही रीत जुनीच, परंतु अमेरिकेतील बक या कारखान्याने १९६४ च्या सुमारास काढलेल्या ११० क्रमांकाच्या शिकारी चाकूने ती घरोघरी नेली. या अडसरात जोर पोलादाच्या जाड टोकावर पडतो, हा त्याचा गुण. खाचेत कापसाचे तंतू, माती किंवा फळांचा वाळलेला रस साचला, तर टोक पूर्ण खाली बसत नाही. बाहेरून पाहता सर्व ठीक दिसते आणि प्रत्यक्षात अडसर अर्धाच लागलेला असतो, हा त्याचा दोष.

चौथा प्रकार अस्तराच्या पट्टीचा. मुठीच्या आत धातूचे जे पातळ अस्तर असते, त्याचा एक भाग चिरून आतल्या बाजूस किंचित वाकविलेला असतो. पाते उघडले की ही पट्टी आत सरकून पात्याच्या बुडामागे उभी राहते. आज प्रचलित असलेले या अडसराचे सुधारलेले रूप अमेरिकन कारागीर मायकेल वॉकर यांनी १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत सिद्ध केले. मूळ कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातील विजेची व तारांची कामे करणाऱ्यांना जो चाकू दिला जाई, त्यात पाते आणि पेचकस असे दोन भाग असत. त्यांतील अस्तराच्या पट्टीचा अडसर पात्याला नव्हता. तो पेचकसाला होता. पेचकसाला पीळ व दाब सहन करावा लागतो, पात्याने फक्त कापावे, हा विवेक त्या रचनेत स्पष्ट दिसतो.

अस्तराच्या पट्टीची जाडी बहुधा दीड मिलिमीटरच्या आसपास असते. तेव्हा पुढची पायरी अशी की, अस्तराऐवजी मुठीची एक संपूर्ण बाजूच, तीन मिलिमीटर किंवा अधिक जाडीची, अडसर म्हणून वापरावी. ख्रिस रीव्ह यांनी १९९० च्या सुमारास आपल्या 'सेबेंझा' चाकूने ही पद्धत लोकप्रिय केली. झुलू भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'काम' असा आहे. येथे आपली मूठ आवळली की बोटांचा दाब अडसराला आत रेटतो आणि तो अधिक घट्ट होतो.

याखेरीज आणखी दोन रचना उल्लेखनीय आहेत. विल्यम मॅकहेन्री व जेसन विल्यम्स यांनी योजिलेला आणि १९९८ पासून बेंचमेड या कारखान्याच्या चाकूंत आलेला आडव्या दांडीचा अडसर ही त्यांतील पहिली. मुठीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत गेलेली पोलादी दांडी पात्याचे बूड आणि टेकू यांच्यामध्ये पाचरीप्रमाणे बसते. तिला पुढे रेटणाऱ्या बारीक कमानी दोन असल्याने एक तुटली तरी दुसरी काही काळ काम निभावून नेते. दुसरी रचना अँड्र्यू डेम्को यांची. त्यांनी पाठीच्या अडसरातच पात्याचे बूड व पट्टी यांच्यामध्ये एक जाड आडवी पिन घातली. त्यामुळे जोर पट्टीच्या लहानशा खिळीवर न पडता त्या पिनेतून मुठीच्या दोन्ही बाजूंत वाटला जातो. पाठीवरील प्रचंड भार सहन करण्याबद्दल या रचनेची ख्याती आहे.

बळ आणि भरवसा

हे सर्व प्रकार पाहिल्यावर 'यांतला सर्वांत बळकट कोणता' असा प्रश्न विचारण्याचा मोह होतो. परंतु येथे दोन गोष्टींत भेद करणे अगत्याचे आहे. बळ म्हणजे अडसर पूर्ण लागलेला असताना तो मोडेपर्यंत किती भार सहन करतो ते. भरवसा म्हणजे तो प्रत्येक वेळी पूर्ण लागतो की नाही, आणि लागल्यावर थोड्याशा धक्क्याने किंवा पिळाने निसटत नाही ना, ते. कारखान्यात शेकडो किलोग्रॅमचा भार पेललेला अडसर, खाचेत चिमूटभर माती असल्यामुळे, घरी पाच किलोग्रॅमलाही निसटू शकतो.

बोटे कापली जातात ती बहुधा अडसर मोडल्याने नव्हे, तर तो निसटल्याने. निसटण्याची कारणेही ठरावीक आहेत. अस्तराच्या पट्टीच्या चाकूत मूठ करकचून आवळून मनगटाला पीळ दिला, की बोटाचे मांसल टोक फटीत घुसून पट्टीला बाहेर ढकलू शकते. पाठीच्या अडसरात मागचा भाग हाताच्या तळव्याखाली नकळत दाबला जातो. पाते आडवे वापरून काही उचकटले, तर खीळ वाकते, मुठीच्या बाजू किंचित फाकतात आणि बूड व अडसर यांचे पृष्ठभाग एकमेकांना तिरपे भिडतात. त्यानंतर एरवी पुरेसा असणारा अडसरही घसरतो. यास्तव जड कामासाठी चाकू निवडताना जाहिरातीतील भाराच्या आकड्यापेक्षा या बारकाव्यांकडे अधिक लक्ष द्यावे.

खरेदीच्या वेळी

दुकानात चाकू हाती घेतला की प्रथम तो अगदी सावकाश उघडावा, मग थोडा झटक्याने उघडावा. दोन्ही वेळा अडसर एकाच जागी, पूर्ण बसला पाहिजे. जो अडसर केवळ झटक्यानेच नीट लागतो, त्याच्यावर विसंबू नये. नंतर पाते चिमटीत धरून वर-खाली व आजूबाजूस हलवून पाहावे. वर-खाली होणारी हालचाल अडसर सैल असल्याची खूण आहे. आजूबाजूची हालचाल बहुधा खिळीचा पेच घट्ट केल्याने जाते.

अस्तराची पट्टी असेल, तर ती पात्याच्या बुडावर कोठे उभी राहते ते पाहावे. अगदी कडेला जेमतेम टेकत असेल तर ती निसटण्याचा संभव. नव्या चाकूतच पार पलीकडच्या टोकाला पोहोचली असेल तर पुढे झीज झाल्यावर तिला सरकण्यास जागाच उरत नाही. बुडाच्या रुंदीच्या एक-चतुर्थांशापासून अर्ध्यापर्यंत ती आत आलेली असावी, हे सर्वसाधारण प्रमाण समजावे. पट्टी टायटेनियमची असल्यास तिच्या टोकावर कठीण पोलादाचा तुकडा जोडलेला आहे का, हेही विचारावे. टायटेनियम हा धातू हलका व चिवट खरा, परंतु पात्याच्या कठीण पोलादाशी घासून तो झिजतो.

शेवटी, चारही बोटे पात्याच्या मार्गातून पूर्णपणे बाजूला घेऊन, मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून, पात्याची पाठ लाकडी फळीवर हळूहळू दाबावी. अडसर सुटू लागल्याचे जाणवले तर तो चाकू परत करावा. काही हौशी मंडळी पाठ फळीवर जोराने आपटून परीक्षा घेतात. या आपटण्याने चांगल्या अडसराचेही पृष्ठभाग चेपले जातात, आणि परीक्षेत उतरलेला चाकू परीक्षेमुळेच अधू होतो; म्हणून तसे करू नये.

आणखी एक गोष्ट. पात्याच्या बुडाशी, धार सुरू होण्यापूर्वी, बिनधारेचा थोडा भाग मुठीबाहेर ठेवलेला किंवा बोटाला अटकाव करणारा उंचवटा असलेला चाकू पसंत करावा. पाते मिटलेच, तर प्रथम तो बोथट भाग बोटावर आदळतो आणि हात काढून घेण्यास क्षणभर अवधी मिळतो. हा लहानसा भाग पुष्कळदा महागड्या अडसराइतकाच मोलाचा ठरतो.

निगा

अडसराची निगा राखणे मुळीच कठीण नाही. चाकूने फळ कापले असल्यास तो पाण्याने धुऊन, कोरडा करून, उघडाच काही वेळ ठेवावा. खाचेतील कचरा टोकदार काडीने किंवा जुन्या दातांच्या ब्रशाने काढावा. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब खिळीला पुरे होतो. अस्तराची पट्टी बुडाला जेथे भिडते त्या पृष्ठभागावर मात्र तेल राहू देऊ नये. तेथे पकड हवी असते. समुद्रकिनाऱ्यावरील खाऱ्या हवेत मुठीच्या आतील कमान बाहेरून न दिसता गंजते. अशा ठिकाणी राहणाऱ्या वाचकांनी महिन्यातून एकदा आत डोकावून पाहावे. लाकडी मुठीचा वळ्याचा चाकू असल्यास पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पाते उघडण्यास जड जाते. त्या वेळी दातांनी किंवा पकडीने ओढाताण न करता चाकू कोरड्या जागी दोन दिवस ठेवावा.

जड काम कोणाचे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अडसर किती भार पेलतो, याचे खरे उत्तर असे की, चाकूचा योग्य उपयोग होत असताना अडसराने भार पेलण्याची वेळच येऊ नये. सायकलस्वार पडलाच तर डोके वाचावे म्हणून शिरस्त्राण घालतो. शिरस्त्राण मजबूत आहे म्हणून कोणी भिंतीवर जाऊन आदळत नाही. अडसराचा विचारही याच रीतीने करावा. तो चुकीच्या क्षणासाठी राखून ठेवलेला आधार आहे; रोजच्या कामाच्या हिशेबात त्याचे बळ धरू नये.

ज्या कामात पाठीवर ठोकावे लागते, पिळावे लागते किंवा उचकटावे लागते, ते काम सांधा नसलेल्या अवजाराकडे सोपवावे. कोयत्याचे पाते आणि त्याचे मुठीत शिरलेले टोक ही एकाच लोखंडाची असतात. तेथे मिटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. नारळ सोलणे, बांबू चिरणे, जळणाच्या ढलप्या काढणे यांसाठी आपल्याकडे कोयता व कुऱ्हाड पिढ्यान् पिढ्या आहेत. डब्याचे झाकण उघडण्यास जाड चमचा किंवा पेचकस घ्यावा. डोंगरदऱ्यांत हिंडणाऱ्यांनी घडीचा चाकू अवश्य जवळ ठेवावा. परंतु लाकूड फोडण्याची वेळ येणार असेल, तर म्यानात बसणारा, न मिटणारा लहान सुरा सोबत घ्यावा. त्याचे वजन फार नसते आणि त्याची किंमतही अनेकदा 'अतूट' अडसराच्या चाकूहून कमी असते.

अवजार जवळ बाळगण्याच्या कायद्याचेही भान हवे. आपल्या देशात शस्त्र अधिनियम, १९५९ व त्याखालील नियम यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा विशेष उल्लेख आहे. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय अथवा औद्योगिक कामासाठी बनविलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. महाराष्ट्रात पोलीस अधिनियम, १९५१ च्या ३७ व्या कलमान्वये सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यास ठरावीक मुदतीपुरती बंदी घालता येते, आणि अन्य राज्यांतही स्थानिक आदेश निघत असतात. इंग्लंडमध्ये तर १९८८ च्या कायद्याने खिशातील लहान घडीच्या चाकूला दिलेली सवलत अडसर असलेल्या चाकूला लागू होत नाही, असा निर्णय तेथील न्यायालयाने दिला आहे. परदेशी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. विमानप्रवासात चाकू हातातील सामानात नेण्यावर निर्बंध असतात.

इजा झालीच तर

पाते बोटांवर मिटल्याने होणारी जखम वरून लहान दिसली तरी तिला क्षुल्लक मानू नये. बोटे वाकविणाऱ्या दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध, बोटांच्या तळव्याकडील बाजूने त्वचेखाली फार खोल नसतात, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना स्पर्शज्ञान देणाऱ्या नसा असतात. मिटणारे पाते नेमके तेथेच येते. तळव्याच्या वरच्या भागापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा हा प्रदेश शस्त्रक्रियेला इतका अवघड की, स्टर्लिंग बनेल या अमेरिकन हस्तशल्यविशारदाने त्याला 'निर्मनुष्य भूमी' अशा अर्थाचे नाव दिले होते. आज तेथेही उत्तम शस्त्रक्रिया होतात. परंतु तुटलेल्या दोरीची टोके मागे खेचली जातात आणि आपोआप जुळत नाहीत, म्हणून विलंब हानिकारक ठरतो.

जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे, हात छातीहून उंच ठेवावा, बोटातील अंगठी ताबडतोब काढावी. हळद, कॉफीची पूड वगैरे काहीही जखमेत भरू नये. रक्त थांबल्यावर बोटाची शेवटची दोन्ही पेरे स्वतंत्रपणे वाकतात का आणि टोकाला स्पर्श समजतो का, हे पाहावे. यांपैकी काहीही उणे वाटल्यास, किंवा जखम खोल असल्यास, त्याच दिवशी रुग्णालयात जावे व धनुर्वाताच्या लसीबद्दलही विचारावे. सर्व काही ठीक वाटले तरी वैद्यांना बोट दाखविणे हिताचे. अर्धवट तुटलेली दोरी काही दिवस काम करून मग अचानक तुटू शकते.

घरातील मुलांच्या हाती पहिला चाकू देताना एवढे तरी शिकवावे: कापताना धार अंगापासून दूर असावी, टोकाने उचकटू नये, पाठीवर ठोकू नये, आणि मिटताना बोटे फटीबाहेर आहेत याची नजरेने खात्री करावी. अडसर असलेल्या चाकूनेही तो जणू नाहीच असे समजून काम करण्याची सवय एकदा हाताला लागली, म्हणजे कोणत्याही प्रकारचा अडसर जन्मभर पुरतो.